कूलरच्या फटीतला फ्रेंच तक्ता

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा तक्ता आहे. नागपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फ्रेंच शिकवत असे. सध्या कूलर आणि खिडकी यांच्यामधली फट बुजवतो.

मला शामला मॅडमनी मिठाईच्या खोक्यातून कापून काढलं. माझ्यात दोन पट्ट्या सरकत. एकीवर क्रियापदाचं मूळ, दुसरीवर प्रत्यय. शब्दाचे घटक निळ्या रेघांनी तोडलेले, उच्चाराचे तुकडे लाल ठिपक्यांनी. 'आम्ही संपवतो' हे लिहिताना फिन-इस-ओं, म्हणताना फि-नि-सों. प्रत्येक ठिपक्याला मुलं टाळी वाजवत. तेव्हा माझं फार कौतुक होतं.

शेजारी अकाउंट्सचा तास चाले. तक्रार गेली. प्राचार्य मनोहरराव दारात आले.

"मॅडम, भजन सुरू आहे का?"

"उच्चार शिकवून राहिली, सर."

"पेपर लेखी असते ना? मंग पोरायचं तोंड काहून उघडता?"

टाळ्या थांबल्या. पुढे तोंडी परीक्षाही लेखीच होऊ लागली. फार शांततेत पार पडे.

त्याच वर्षी कोराडीची दीपमाला आली. बाकीच्यांनी फ्रेंच मार्कांसाठी घेतलं होतं. हिला फ्रेंच बोलायची नोकरी हवी होती. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, हे म्हणतात कसं?"

"ते परीक्षेत येत नाही वं," मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

दीपमाला निळ्या रेघा मारत राहिली आणि कॉलेजात पहिली आली. फाटकावर फलक लागला. त्यावर मनोहररावांचा फोटो तिच्याहून मोठा होता.

पुढे एका कंपनीत तिला मुलाखतीला बोलावलं. दोन वाक्यं फ्रेंचमध्ये बोला, म्हणाले. तिने नम्रपणे विचारलं, "लिहून दाखवू का?"

ती परत कॉलेजात आली, तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या. मनोहरराव कूलरसमोर बसले होते.

"सर, मला फ्रेंचचं एकही वाक्य बोलता येत नाही. हातची नोकरी गेली माझी."

"असं कसं? तुले तोंडीत पैकीच्या पैकी आहेत."

मग तिला कूलरच्या फटीत मी दिसलो. तिने मला ओढायला हात लावला.

"राहू दे वं ते. गरम हवा येते."

तिने हात मागे घेतला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. माझी घेतली जाते. रोज पाणी मिळतं. लाल ठिपके त्यातच वाहून गेले. निळ्या रेघा पक्क्या शाईच्या आहेत, त्या टिकतील. तुम्ही मात्र शिकलेला शब्द एकदा तोंडातून काढून बघत जा. कूलर चालू असताना काढा, म्हणजे तक्रार होणार नाही.