रेतनगरच्या वाटेवरली बाई

कासुर्डीला सुवर्णाच्या घरात, पुढच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या अंगाला माझा फोटो लावलेला होता. त्याला चंदनाचा हार होता आणि खाली सोनेरी अक्षरांत नाव होतं: कै. धुरपदाबाई.

मी भामाबाई. मी अजून जिवंत आहे, आणि तो फोटो माझा होता हे दोन-अडीच महिने मला आणि आमच्या मालकांना सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

धुरपदा माझी मैत्रीण. आमची वस्ती भीमेच्या काठावर. अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. तेव्हा सगळ्यांच्या घरी मेंढरं होती. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वस्तीवर आलो. पाण्याला, सरपणाला, धुण्याला बरोबर जायचो. सुवर्णा तिची एकुलती एक लेक. लेक मांडीवर असतानाच धुरपदाला कावीळ झाली आणि ती गेली. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, पोरीला आजोळी कासुर्डीला नेऊन सोडलं. पुढं ती तिथंच वाढली, तिथल्याच घरात दिली. धुरपदाचा फोटो कुठंच नव्हता. आमच्यात त्या काळी फोटो कोण काढत होतं? सुवर्णाला आता नातवंडं आहेत, पण आई दिसायला कशी होती हे तिला कधीच कळलं नव्हतं. लहान असताना वस्तीवर आली की माझ्या पदराला धरून विचारायची, "मावशी, माझी आई तुमच्यासारखी हुती का?" मी म्हणायची, "माझ्याहून लई देखणी."

धुरपदा गेली त्याच्या दोनएक वर्षं आधी नदीत सिनेमावाले आले होते. उन्हाळ्यात भीमेची धार एका कडेला जायची आणि बाकी सगळं पात्र म्हणजे वाळूच वाळू. पायात वहाण नसली तर पळत जावं लागायचं. त्या वाळूत त्यांनी वाळवंट उभं केलं. फळ्या आणि गोणपाट ठोकून, वर चुना फासून एक वेस केली, घुमट केले, बुरूज केले. लांबून बघितलं तर खरंच एखादं जुनं शहर वाळूतून वर आलंय असं वाटायचं. मागून बघितलं की नुसते बांबू. कुठून तरी उंट आणले होते. आमची मेंढरं उंटांना बघून अशी बुजली की आमच्या सासऱ्यांनी सिनेमाच्या साहेबाला तोंडावर शिव्या दिल्या, आणि त्याला वाटलं म्हातारा आशीर्वाद देतोय.

त्यांना शहराकडं पाण्याला जाणाऱ्या बायका हव्या होत्या. किती सांगून कुणी तयार होईना, मग आमच्या घरच्यांनी आम्हाला दोघींना पुढं केलं, आणि आमच्या मागं बाकीच्या आल्या. अंगावर काळे झगे, डोक्यावर काळी ओढणी, काखेत घागर. एक माणूस सारखा ओरडत होता, "पीछे मत देखना, सीधा चलो!"

सिनेमाचं नाव 'रेतनगर का ताज'. तो तेव्हा यवतला तंबूत लागला होता म्हणतात, पण आम्हाला कोण नेणार? आम्ही तो कधीच बघितला नाही. आता त्या जागी वाळूही नाही. उपसून, ट्रकात भरून गेली. उघडे खडक आहेत आणि मधे हिरवं पाणी.

सुवर्णाचा मुलगा शंभू रांजणगावला कंपनीत आहे. मी कधी तरी हे सगळं त्याला सांगितलं होतं. त्यानं तो सिनेमा मोबाईलवर शोधून काढला आणि आषाढात एका रविवारी मला मोटरसायकलवर बसवून कासुर्डीला घेऊन गेला. सुवर्णानं नवीन लुगडं नेसलं होतं, जसं काही पाहुणे येणार आहेत. टीव्हीसमोर सतरंजी घातली होती. तिची चुलती साळूबाईसुद्धा येऊन बसली होती.

काळा-पांढरा सिनेमा. एक उंच माणूस उंटावरून हरवलेलं शहर शोधत हिंडत होता आणि दुसरा एक मिशीवाला त्याच्या मागावर होता. "पुढं घे की रं," साळूबाई म्हणत होती. "त्यो उंट बघून बघून माझीच कंबर दुखाय लागली." सुवर्णा मात्र डोळ्याला पदर लावून, पुन्हा काढून, पडद्याकडं बघत होती.

मग ती वाळू आली. मला ती लगेच ओळखू आली. पलीकडची कडा, ती दोन बाभळीची झाडं. आणि काळ्या झग्यातल्या बायका पाठमोऱ्या निघाल्या. पुढं धुरपदा होती. शेवटाला मी. मागं कुठं तरी घोडा खिंकाळला आणि शेवटच्या बाईनं, सांगितलं होतं तरी, वळून बघितलं. ओढणी सरकली, सगळं तोंड उघडं पडलं. कॅमेरा जवळ होता. अर्धा पडदा भरून ते तोंड दिसलं आणि गेलं.

"थांब! थांबव रं!" सुवर्णा ओरडली.

शंभूनं थांबवलं. ते तोंड तिथंच राहिलं.

त्या वयातलं माझं तोंड मी आरशाच्या तुकड्यात बघितलं असेल तेवढंच. मला कळायला जरा वेळ लागला. ही कोण, असं मनात येतंय तोवर हनुवटीवरचं गोंदण दिसलं आणि कळलं, ही मी. तोवर सुवर्णा उठून टीव्हीजवळ गेली होती. तिनं दोन्ही हात पडद्यावर ठेवले. माझ्या गालांवर. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "हीच ना? मावशी, हीच ना माझी आई?"

तिचं तोंड तेव्हा साठीकडं झुकलेल्या बाईचं नव्हतं. वस्तीवर माझा पदर धरणाऱ्या पोरीचं होतं.

मी म्हणाले, "व्हय."

पाच मिनिटांत दुरुस्त करता आलं असतं. चहा आला. सुवर्णा रडत होती, साळूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "जिवणी बघ, तुझीच जिवणी! आन् नाक तर उतरवून ठेवलंय." साळूबाई धुरपदाच्या सासरी धाकटी सून म्हणून आली ती धुरपदा गेल्यावर चार वर्षांनी. तिनं धुरपदाला कधी बघितलेलंच नाही. पण ती ओळखत होती, आणि मी, जी ओळखत होते, बशीतला चहा फुंकत बसले.

पुढं ते माझ्या हातात राहिलं नाही. शंभूनं यवतच्या फोटोवाल्याकडून मोठा फोटो करून घेतला. फोटोवाल्यानं काळा झगा काढून हिरवी पैठणी घातली, नाकात नथ घातली, गळ्यात चार पदरी सर घातला, कपाळाला ठळक कुंकू लावलं, मागं कसलीशी बाग लावली. मी जन्मात नथ घातलेली नाही. हार घालून फोटो भिंतीला लागला तेव्हा मला बोलावलं होतं. मी गेले आणि स्वतःला नमस्कार करून आले.

घरी येऊन मालकांना सांगितलं. आमचे मालक, रखमाजी, ऐंशीच्या घरात आहेत. आधी त्यांना कळेचना. कळल्यावर खाटेवर बसून हसत सुटले.

"म्हंजी मी रंडका झालो की गं! आन् मला कुणी सांगितलं बी न्हाई."

"हसताय काय? पाप हाय ते."

"दुसरी बघू का एखादी? नथवाली?"

मी उठून चुलीकडं गेले, तेव्हा त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "सांगून टाक तिला. आत्ताच सांग. पोरगी जीव लावून बसली म्हंजी सांगता यायचं न्हाई."

मी सांगितलं नाही. ती जीव लावून बसली.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "मावशी, आई चिडायची का?" "मावशी, आईला काय आवडायचं?" मी सांगत गेले. धुरपदा चिडली की भांडी आपटायची, बोलायची नाही. तिला हिरव्या चिंचा लागायच्या. मेंढराला कोकरू झालं की ती त्याला पदरात घेऊन बसायची. यातलं एकही खोटं नव्हतं. पण फोनवर ऐकताना सुवर्णा बघत असायची भिंतीकडं. धुरपदाच्या सगळ्या आठवणी मी एकेक करून माझ्याच तोंडाला चिकटवत होते. मैत्रिणीजवळ होतं ते सगळं काढून घेतल्यासारखं वाटायचं. रात्री डोळे मिटून मी धुरपदाचं तोंड आठवायला बघायची, तर ते हिरव्या पैठणीतलं माझंच तोंड समोर यायचं. मग मी उठून बसायची.

भादव्यात पितरांचा पंधरवडा आला. जी बाई नवरा असताना जाते तिच्या नावानं नवमीला सवाष्ण जेवायला घालतात. सुवर्णा स्वतः मला बोलवायला आली.

"आजवर घातली न्हाई मावशी. ज्यांनी घालायची ते इसरून गेले. मला वाटायचं, लेकीनं घालावी, पर पान कुणापुढं मांडू? नावापुढं? आता आई हाय भिंतीवर. तुम्हीच सवाष्ण या. तुमच्याबिगर कोण येणार?"

मी म्हणाले, "माझ्या गुडघ्याला..."

"शंभू गाडी घिऊन यील."

नवमीला मी गेले. जाताना मालक म्हणाले, "आज तरी." एवढंच म्हणाले.

सुवर्णानं पाट मांडला होता तो बरोबर फोटोच्या खाली. एक पान फोटोसमोर, एक माझ्यासमोर. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, गवार. तिनं माझे पाय धुतले. हळद-कुंकू लावलं. नारळानं आणि खणानं ओटी भरली. मग फोटोकडं बघून म्हणाली, "आई, लई उशीर झाला. जेव." आणि मला म्हणाली, "आईच्या नावानं जेवा मावशी. तुमच्या मुखानं तिला पोचू द्या."

साळूबाई समोर मांडी घालून बसली होती. शंभू दाराशी उभा होता. मी घास केला. हात वर जाईना. वर बघितलं तर ती नथवाली माझ्याकडं बघत होती. माझ्याच तोंडानं मी काय पोचवणार होते, आणि कुणाला? धुरपदाच्या नावचं पान माझ्या फोटोपुढं होतं, धुरपदाच्या नावचा घास माझ्या हातात होता, आणि ती स्वतः कुठंच नव्हती.

"सुवर्णा," मी म्हणाले, "ती मी हाय."

"कोण?"

"भिंतीवरली. ती तुझी आई न्हाई गं. मी वळून बघितलं हुतं तवा. ती मी हाय."

मग साळूबाई म्हणाली, "मी म्हणतच हुते, नाक जरा निराळं वाटतंय."

"काकी, गप बसा," सुवर्णा म्हणाली. तिच्या हातात कढीचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं. "मग व्हय कशाला म्हणला?"

"तू इतक्या आशेनं इचारलंस..."

"मी इचारलं. मला ठावं नव्हतं म्हणून इचारलं. तुम्हाला ठावं हुतं."

मी हातातला घास पानात ठेवला.

"रोज दिवा लावला मी," ती म्हणाली. "रोज बोलले. तुमच्यासंगं बोलत हुते व्हय?"

मग तिनं विचारलं, "माझी आई हाय का त्यात?"

"हाय. सगळ्यात पुढं. पाठमोरी."

शंभूनं मोबाईल आणून तिच्या हातात दिला. बायका वाळूतून निघाल्या. ती म्हणाली, "ही पुढली आईच कशावरून? तवा बी व्हय म्हणला हुता. आता मी कसा इस्वास ठेवू?"

मी म्हणाले, "घागर बघ."

सिनेमावाल्यांनी सगळ्यांना रिकाम्या घागरी दिल्या होत्या, हलक्या, चालायला सोप्या. रिकामी घागर घेऊन पुढं चालणं धुरपदाला पटेना. अपशकुन म्हणे. ती गुपचूप धारेवर गेली आणि घागर काठोकाठ भरून आणली. मी म्हणाले, येडी हाईस का, एवढ्या उन्हात? ती म्हणाली, खोट्या शहरात का असंना, पाणी तर खरं नेऊ.

"बाकीच्यांच्या घागरी कशा हालत्यात बघ. आन् तिची बघ. कमरेतनं वाकून, पाय रोवून चालती. झगा डाव्या अंगाला भिजलाय. पाणी हिंदकळलं ते."

सुवर्णानं बघितलं. पुन्हा मागं घेतलं, पुन्हा बघितलं. भिजलेला झगा काळ्यात आणखी काळा दिसत होता. धुरपदा चालत चालत त्या गोणपाटाच्या वेशीतून आत गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही. तिला सांगितलं होतं, बघू नको.

सुवर्णानं शंभूला खुणेनं फोटो उतरवायला सांगितला. त्यानं हार काढून बाजूला ठेवला आणि फोटो आत नेला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. त्या डागापुढं पान तसंच होतं. सुवर्णानं मोबाईल पानापुढं तांब्याला टेकवून ठेवला आणि बायका पुन्हा वाळूतून निघाल्या.

मी पाटावरून उठायला लागले. मला वाटलं, आता इथं माझं काय काम?

"बसा," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही. "सवाष्ण उपाशी उठवत न्हाईत. माझ्या आईचं पान हाय ते. जेवा."

मी जेवले. ती वाढत राहिली, खीर दोनदा वाढली, वडे वाढले, आणि सगळा वेळ तिची नजर त्या लहानशा पडद्यावर होती. शंभू मला घरी सोडायला आला तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. तेव्हापासून तिचा फोनही आलेला नाही.