तीनशे दोनला कुणाचं नाव

ए सोनिया, तो वडा ठेव खाली आणि ऐक. नौशीन, तू पण. ही ओढणी बघ. हा डाग चटणीचा न्हाई, रगात हाय! बादशहाभाईंचं. दोनदा धुतली, जाईना. व्हय गं, आमच्या खालच्या मजल्यावरचे, टेलर. काल मिटिंगमधी असली मारामारी झाली ना... थांब, पयल्यापास्नं सांगते.

आमचं अपार्टमेंट नदीला लागूनच. खाली पार्किंग, वर तीन मजले. पहिल्यावर बादशहाभाई आणि महेजबीनभाभी. घरातच शिलाईचं काम, मोटरवरच्या तीन मशिनी. दुसऱ्यावर आमी आणि आमचे म्हातारे आबा. तिसऱ्यावर, तीनशे दोनमधी, कृष्णातकाका आणि मायाकाकी. काका म्हंजे जुने पैलवान, कान बघितलास तर कळंल, नुसते गोळे झाल्यात. एकोणीसच्या पुरात पहिल्या मजल्यावर कमरंएवढं पाणी. भाभीच्या तवाच्या मशिनी सगळ्या भंगारात गेल्या. ह्या तीन तिनं परत उभ्या केल्या. ती म्हणते, आता ह्या बी गेल्या तर मी परत सुई धरायची न्हाई.

म्हणून ह्या वर्षी पुराचा विमा काढायचा ठरलं. फोन सगळे मीच केले. तर तो एजंट म्हणला, नदीकाठाला एकट्या फ्लॅटला पुराचा विमा मिळत न्हाई, अख्ख्या बिल्डिंगनं घ्या, सगळ्या मालकांच्या सह्या लागतील. भिंती, जिना, लिफ्ट एका विम्यात, आणि ज्याच्या त्याच्या घरातलं सामान दुसऱ्यात.

आता काकांना कशाला पायजे पुराचा विमा? तिसरा मजला! ते म्हणायचे, "माझ्या घरात पाणी आलं तर सांगली शिल्लक राहील का?" पण आमच्या आबांनी लय मनवलं, आणि काल सकाळी सगळे पार्किंगमधी खुर्च्या टाकून बसलो, मायाकाकी तेवढी वर घरात. काका आले बी. चहा घेतला बी. पेन हातात घेतलं!

तेवढ्यात मी, सगळ्या अटी मोठ्यानं वाचत होते ना, मधी एक अट आली. ज्या फ्लॅटचा पत्ता, त्याच फ्लॅटमधलं सामान धरणार.

महेजबीनभाभी एकदम उठून उभी. "आणि माझ्या मशिनी? त्या कुठं हायत?"

कुठं हायत म्हंजे, तुला माहितेय ना आमच्याकडची पद्धत. पुलाजवळ पाणी वाढाय लागलं की खालच्यांचं सगळं सामान वर चढवायचं. कुणाला इचारायचं बी न्हाई, दार उघडंच असतंय. मागच्या आठवड्यात इशारा आला तवा तिन्ही मशिनी काकांच्याच हॉलमधी नेऊन ठेवल्या. काकांनीच उचलल्या, एकेक मशीन बगलंत मारून! म्हंजे पुरात सामान कायम वरच असणार, आणि विमा खालच्या पत्त्यावर. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली न्हाई.

मी म्हणलं, मशिनींसाठी दुसरा पत्ता लिहिता येतोय, फक्त त्या घराच्या मालकाची सही पायजे. झालं असतं गं! पण आमचे आबा. आबा आटपाडीचे, तिकडं प्यायला पाणी न्हाई, ह्यांना पुराचं काय कळतंय. ते कृष्णातकाकांच्या पाठीवर थाप मारून काय म्हणाले म्हाईत हाय?

"मग सोप्पं हाय की रं गड्या. तुझ्या फ्लॅटला बादशहाचं नाव लावून टाकू!"

नाव लावू. नौशीन, तुला हसू येतंय. पण काकांच्या सख्ख्या भावानं तासगावची द्राक्षबाग अशीच खाल्ली. गुपचूप सातबाऱ्याला स्वतःचं नाव लावलं आणि काकांना बांधावरनं हाकलून काढलं. ते दोन शब्द त्यांच्या कानात गेले की...

काकांनी पेन मोडलं. बोटांत, असं. "माझ्या घराला नाव लावतोस? ह्या म्हाताऱ्याला हाताशी धरून?"

बादशहाभाई बिचारे हात जोडून, "भाऊ, आवं ऐका तरी, तसलं नाव न्हाई..."

पुढचं ऐकायच्या आत काकांनी खुर्ची उचलली आणि भाईंच्या डोक्यात घातली. खुर्चीचा पाय तुटून आमच्या गाडीवर उडाला. भाईंचं कपाळ असं फाटलं, नारळ फुटावा तसं, आणि रगात डोळ्यात, दाढीत, सगळीकडं. मी ओढणी दाबून धरली. आबा मधी पडले तर त्यांना एकच धक्का, जाऊन मीटरच्या पेटीवर आदळले, खालचे दोन दात गेले! आणि भाभी? भाभीनं गळ्यातली टेप काढली, ती मापाची, आणि मागनं काकांच्या गळ्याला आवळली. पाय लावून. काकांचं तोंड लाल, मग काळं. मला वाटलं, मेला हा माणूस. त्यांनी कोपर मागं हाणलं तवा ती सुटली, वाकून तिथंच बसली.

"तुमच्या मशिनीच ठेवत न्हाई!" असं वरडत काका जिन्यानं वर पळाले.

भाभी किंचाळली, "गॅलरी!"

आमी पार्किंगच्या बाहेर येऊन वर बघतोय तर काका एक मशीन छातीशी धरून गॅलरीत. फेकली! आईशप्पथ, आबांच्या हातभर बाजूला पडली. फरशी फुटली, चाक सुटून गेटपर्यंत गेलं. भाभी त्या तुकड्यांवर जाऊन पडली. तसलं रडणं मी कधी ऐकलं न्हाई. काका आत जाऊन दुसरी घेऊन आले, कठड्यावर टेकवली.

आणि मागनं खाट्‌दिशी आवाज आला.

मायाकाकीनं गॅलरीच्या दाराला आतनं कडी घातली होती.

मी जिन्यानं सुटले. का कोण जाणे, ते कागद माझ्या हातातच होते. पाठीमागनं भाभी, पोट धरून. आत काकी सोफ्याशी उभी, तिसऱ्या मशिनीला टेकून. बाहेरनं काका काचंवर बुक्क्या मारतायत, "उघड! माया, उघड, न्हाईतर तुला बी खाली टाकीन!"

काकी मला म्हणली, "स्वप्नाली, हे वरडतायत ते नाव लावायचं म्हंजे काय, मला सांग."

मी सांगितलं. फ्लॅट घ्यायचा न्हाई, मशिनी हितं असत्यात एवढंच लिहायचं. मालकाची सही.

"मग त्याला कशाला मारामारी?" काकी म्हणली. "फ्लॅट माझ्या नावावर हाय. बाईच्या नावावर सरकारी खर्च कमी लागतोय म्हणून ह्यांनीच केला की."

आमी समदी इतकी वर्षं 'कृष्णातचा फ्लॅट' म्हणतोय!

तेवढ्यात काच फुटली. अख्खी. काकांचा हात आत आला, मनगटापास्नं कोपरापर्यंत फाटलेला, रगात फरशीवर पचापच. तो हात कडी शोधत होता. भाभीनं टेबलावरचं उलथनं उचललं आणि सरळ त्या बोटांवर हाणलं. एकदा, दोनदा. हात मागं गेला.

काकीनं मागं वळून बघितलं बी न्हाई. "सही कुठं करायची गं?"

तिनं सही केली. मग कागद काचंच्या भगदाडापुढं धरला. "बघा. नाव माझं. घर माझं. भाभीच्या फक्त मशिनी."

काका वाचत होते का रडत होते, कळंना. कठड्यावरची मशीन त्यांनी खाली घेतली, एका हातानं, आणि त्या फुटक्या काचंतनं आत सरकवाय लागले. चाक चौकटीला अडकलं, तर हिसका मारला.

"सावकाश," काकी म्हणली. "माझ्या घरातली हाय ती आता."