हजेरीतलं कारण

“केशरबाई जळबा इंगोले!”

“हजर.”

“परवा गैरहजर. काल उशीर, आज बी उशीर. कारण?”

वारंगा फाट्यावरच्या हळदीच्या गोदामात सकाळी आठला बावीस बायका रांगेत उभ्या होत्या. हळकुंडं आणि गड्डे वेगळे निवडणाऱ्या या बायकांना असं उभं करायची कल्पना नव्या व्यवस्थापकाची, म्हणजे ऑनररी कॅप्टन भीमराज खिल्लारे याची. केशरबाई त्याच्याच गावची, नात्याने मामी. तिने पदर सारखा केला.

“मामी, सगळ्यांना सांगावंच लागतं.”

“मला न्हाई सांगता येत.”

“मग घरी जा. कारण सुचलं की या.”

केशरबाई गेली आणि तिच्यामागून एकवीसजणी चालत्या झाल्या. गोदामात उरले कॅप्टन आणि हळद.

आपलं चुकलं काय, ते भीमराजला कळेना. पलटनीत अठ्ठावीस वर्षं त्याने फॉलिनमध्येच, म्हणजे सकाळच्या हजेरीच्या रांगेतच, जवानांची कारणं ऐकली होती. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या बापाची मूळव्याध, सगळं शंभरजणांसमोर बोललं जायचं आणि तिथल्या तिथे इलाजही निघायचा. त्यात लाज कसली? निवृत्तीआधी सैन्याने पुण्यात सहा महिन्यांचा व्यवस्थापनाचा कोर्स करवून घेतला, त्यात हा गडी चक्क पहिला आला होता. पण तिथे कुणी त्याला केशरमामीची हजेरी घ्यायला शिकवलं नव्हतं.

दुपारी मालकाचा फोन आला. मालक दिपक, वयाने त्याच्या मुलाएवढा.

“कॅप्टन, उद्या माल भरायचाय. बायका आल्या न्हाईत तर तुमी बी येऊ नका.”

नोकरी महिनाभराच्या बोलीवरची होती आणि गावभर पेढे वाटून झाले होते.

“चारचौघांत काहून इचारता हो बाईमाणसाला?” शीतल, त्याची बायको, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच तो केशरबाईच्या दारात गेला. ती अंगणात गोधडी धूत होती.

“मामी, चुकलं माझं. पण झालं काय, तेवढं तर सांगा.”

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “दिवाळीपासून तुझ्या मामाचं अर्धं अंग गेलंय, ते तुला ठावं हाय. पण चार दिवस झाले, सगळं अंथरुणातच होतं. धुऊन, पुसून, कोरडं करून मग निघते. ते म्हणतेत, कुणाला सांगू नको. जयंतीच्या मिरवणुकीत झेंडा धरून पुढं चालणारा माणूस हाय तो, भीमराज. बायकांत कसं सांगू?”

भीमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बूट काढले. आत जळबामामाला चाहूल लागू नये म्हणून अनवाणीच हापशावर गेला आणि बादल्या भरून आणू लागला. आठ वाजले. त्याने घड्याळ पाहिलं आणि पुन्हा बादली उचलली.

“तुला उशीर होऊन राहिला, बाबा.”

“होऊ द्या.”

सव्वानऊला फाट्याजवळ त्याने तिला मोटारसायकलवरून उतरवलं आणि थोड्या वेळाने तो मागून आला. तिच्याशिवाय आत न जाता फाटकाशी बसलेल्या बायका केशरबाईला बघून उठल्या होत्या. दिपक मात्र भीमराजचीच वाट बघत होता.

“या, कॅप्टन! दुसऱ्यांना कारणं इचारता ना? आता तुमचं सांगा. सगळ्यांसमोर.”

केशरबाईचा चेहरा पांढरा पडला. भीमराज सावधान उभा राहिला.

“झोप लागली, साहेब.”

अठ्ठावीस वर्षं रोज बिगुलाच्या आधी उठलेला माणूस. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

“पलटनीत बी असंच घोरत होता का?”

“व्हय, साहेब.”

हसू आणखी वाढलं. केशरबाई हसली नाही. तिने टोपली उचलली आणि सगळ्यांच्या आधी गोदामात शिरली. मागोमाग बायका गेल्या. दिपक बोलत राहिला, आणि कॅप्टन छाती ताठ ठेवून ऐकत राहिला.