जाळी मोजणाऱ्याची कैफियत

मी चौकटी मोजणारा प्रोग्रॅम बोलतोय. हो, तोच, ज्याला परवापर्यंत सगळे खोटारडा म्हणत होते!

मला घडवलं एका गणिताच्या बाईने. हाडाच्या एक्स-रेमध्ये बारीक जाळी दिसते. ती किती दाट, किती गुंतागुंतीची, हे सांगणं माझं काम. फोटोवर चौकटी आखायच्या, जाळी किती चौकटींतून जाते ते मोजायचं. मग चौकटी निम्म्या करायच्या, पुन्हा मोजायचं. पुन्हा निम्म्या! जाळी दाट असली की मोजणी भराभर चढते, विरळ असली की रेंगाळते. त्यावरून मी एक आकडा देतो. आकडा मोठा, तर हाड भक्कम.

दवाखान्यात माझी गाठ पडली एक्स-रेवाल्या दादांशी. माणूस सोन्यासारखा, पण टापटिपीचं भारी वेड! कधीतरी डॉक्टरीणबाई ओरडल्या होत्या, "फोटो काय असले धुरकट काढता?" तेव्हापासून दादा फोटो धारदार करणारं बटण दाबल्याशिवाय एकही फोटो पुढे पाठवत नाहीत. त्या बटणाने दाणे उठतात, नसलेल्या रेषा उमटतात. अन् मी शहाणा त्याही मोजत बसतो! इतकी चीड यायची, पण करणार काय? मला बोलायला एक आकडाच दिलाय.

एक दिवस दादांनी स्वतःच्या आईला आणलं. तिच्या मनगटाच्या फोटोला तर बटण चारदा दाबलं. आकडा आला झकास.

"बघ आई, हाड अजून विशीतलं आहे!"

आई खूश. आठवड्याभरात स्टुलावर चढून खिडकी पुसायला गेली अन् पडली. मनगट मोडलं.

"भंगार आहे तुमचा प्रोग्रॅम," दादा गणिताच्या बाईवर उखडले. "काढून टाका." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!

बाईने वाद घातला नाही. यंत्रातून मूळ फोटो शोधला, बटण न लागलेला, आणि मला दिला. आकडा धाडकन खाली आला.

"आईच्या दुसऱ्या हाताचाही काढतो," दादा हळूच म्हणाले. "आहे तसाच देतो."

आई येऊन, फोटो काढून घरी गेली. तो फोटो आता माझ्यापुढे आहे. धुरकट, पण खरा. जाळी इथेही विरळच आहे. बाबांनो, मला देखणे फोटो नकोत हो, जसे आहेत तसे द्या! बाकी माझं मागणं नाही.

दादांनी आकडा पाहिला आणि तिथूनच घरी फोन लावला.

"आई, स्टूल बाहेर काढू नकोस गं. राहू दे ती खिडकी मळकी."