मास्तरांचा दंड

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच साली पावसानं दगा दिला. रेणापूरकडच्या एका शाळेतले गुरुलिंग मास्तर मात्र पावसाची नव्हे, साहेबांची वाट बघत होते. नव्या जिल्ह्याची पहिली तपासणी. नाव झालं तर लातूरला बदली पक्की! सातवीच्या पोरांकडून त्यांनी 'स्नायू आकुंचन पावतो व हाड ओढले जाते' हे आठवडाभर घोकून घेतलं. अर्थ कुणी विचारला नाही, हे मास्तरांचं नशीब.

साहेब आले. पोरांनी एका सुरात घोकलेलं ओकलं. साहेबांनी स्वतःचा हात कोपरात वाकवला. "दंडाचा स्नायू आखडला, हात वाकला. मग सरळ कसा होतो?"

पोरांनी मास्तरांकडं बघितलं. "तोच स्नायू परत ढकलतो, साहेब," ते ठणकावून म्हणाले.

"बरोबर," साहेब म्हणाले. त्यांनाही तसंच वाटत होतं.

शाळेला पाणी भरणारी पारूबाई तेव्हा दारातल्या रांजणात घागर ओतत होती. ती खुदकन हसली.

"काय झालं हसायला?" मास्तर खेकसले.

"ढकलतंय कुठं, मास्तर? पाणी शेंदलं की दंडाचं पुढलं दुखतं. परातीत पीठ दाबून मळलं की मागलं. दोघं हायेत. एक वढतो तवा दुसरा ढिला पडतो. ढकलणं कुणालाच येत न्हाई."

मास्तर तिला हाकलणार, तोच साहेब म्हणाले, "दाखवा बघू."

पारूबाईनं त्यांना टेबलाखाली तळहात लावून वर रेटायला सांगितलं, दुसऱ्या हातानं दंड चाचपायला लावला. पुढचा भाग टणक. मग टेबलावर तळहात ठेवून खाली दाबायला लावलं. पुढचा सैल, मागचा टणक. निदान असावा; साहेबांचा दंड पुरणासारखा मऊ, त्यामुळं नीट कळेना. पोरांनी मात्र आपापले दंड चाचपून एकच गलका केला.

पंधरा दिवसांनी शेरा आला : 'गुरुलिंग मास्तरांचे प्रात्यक्षिक अनुकरणीय.' लातूरला शंभर शिक्षकांपुढं तेच करून दाखवायचं होतं. पारूबाईचं नाव कुठंच नव्हतं. दारात पाणी सांडलं म्हणून हेडमास्तरांनी तिला तंबी तेवढी दिली होती.

लातूरच्या सभेच्या आदल्या दिवशी मास्तर विहिरीवर गेले. "पारूबाई, ते दंडाचं पुन्हा एकदा सांगता का?"

"सांगते की. पर हात रिकामा कशाला? धरा दोर."

पाणी पार तळाला गेलेलं. मास्तरांनी वीस घागरी शेंदल्या. पारूबाई काठावर बसून सावकाश समजावत होती. तिला घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी सभेत मास्तर म्हणाले, "मागचा स्नायू ओढतो आणि हात सरळ होतो." पण दंड असा आखडला होता की हात काही सरळ होईना. सभेत खसखस पिकली.

"पुढचा सोडत नाहीये," मास्तर कळवळून म्हणाले. दिवसभरातलं तेवढंच वाक्य त्यांनी घोकलेलं नव्हतं.

"वा! हे शिकलात कुठं?" साहेबांनी विचारलं. त्यांना हेही प्रात्यक्षिकच वाटलं, आणि पारूबाई त्यांच्या ध्यानातही नव्हती.

"स्वतःच्या अभ्यासानं," मास्तर म्हणाले, आणि वाकड्याच हातानं त्यांनी प्रशस्तिपत्रक घेतलं.