मलिद्याचं कारण

इस्रायलमधल्या येरुहाम गावात जोसेफच्या बेने इस्रायली घरी गुरुवारी मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, ओला नारळ, वर खजूर आणि गुलाबाच्या पाकळ्या. हा नवसाचा मलिदा होता. जोसेफ फार पीत असे. वर्षभर त्याने बाटलीला हात लावला नाही तर मलिदा करीन, असं त्याच्या आईने, येहुदितने, एलियाहू नबीला बोललं होतं. वर्ष पार पडलं, नवस फेडला. कशासाठी, ते मात्र घराबाहेर सांगितलं नाही.

बाहेरच्यांपैकी एकीलाच ते माहीत होतं. जोसेफची मुलगी नोया अकरावीत होती. पूर्वी एकदा बेरशेव्याच्या बसथांब्यावर बाप आडवा पडलेला दिसला, तेव्हा तिची मैत्रीण येला बरोबर होती. दोघींनी धरून त्याला घरी आणलं.

"कुणाला सांगू नकोस. शपथ घे," नोया म्हणाली.

"शपथ कशाला? नाही सांगणार."

मलिदा शेजारीपाजारी वाटायचा असतो. नोयाने नवा पंजाबी ड्रेस घातला, हातात आत्याच्या हिरव्या बांगड्या, आणि ताट घेऊन ती आजीबरोबर वरच्या मजल्यावर ब्राखाकडे गेली. ब्राखा मोरोक्कोची. तिच्या लोकांत खजुराचं ताट आणि नटलेली पोरगी एकत्र दारात आली की सोयरीक ठरलेली असते.

"काय विशेष?" तिने विचारलं.

आजी मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हणाली, "घरात चांगलं झालं," आणि कौतुकाने नोयाच्या पाठीवर हात ठेवला. ब्राखाने नोयाच्या गालांचे मुके घेतले. नोयाला वाटलं, मलिदा आवडला असेल.

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळेच्या फाटकातच वर्गातल्या नीलीने तिला गाठलं.

"मझल तोव, नवरीबाई! परीक्षा तरी देणार की नाही?"

"कोण नवरी?"

"लाजली बघा! नवरा किर्यात मलाखीचा आहे म्हणे. स्वतःची गाडी आहे. डोक्यावर केस तेवढे नाहीत."

पोरी हसल्या. मातान हसला नाही. मधल्या सुट्टीत हा मातान सूर्यफुलाच्या बियांची पुडी नोया आणि येलाच्या मध्ये ठेवून बसायचा. पुडीचं तोंड मात्र नेहमी नोयाकडे असायचं. त्या दिवशी तो लांब भिंतीवर एकटाच बसला.

नोयाने येलाला नळापाशी गाठलं. "मलिद्याला वर्गातली तू एकटीच होतीस."

"मी काही बोलले नाही, नोया."

"मग शाळेला स्वप्न पडलं? आज माझं लग्न लावलंस, उद्या अब्बाचंही सांगशील."

येलाचा चेहरा उतरला. ती दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली.

असे काही दिवस गेले. शेवटी मातानच नोयासमोर येऊन उभा राहिला. "खरं सांग. तुझं लग्न ठरलंय?"

"नाही!"

"मग मलिदा कशाचा होता? येलालाही मी हेच विचारलं. म्हणाली, नोयाला विचार. मी म्हटलं, सांगत नाहीस म्हणजे अफवा तूच उठवलीस. खूप बोललो मी तिला. तरी गप्पच."

 अब्बाचं नाव नोयाच्या जिभेवर येऊन अडलं. याच जागी येला उभी होती. एका वाक्यात सुटली असती. ते वाक्य तिने उच्चारलं नाही.

घरी येऊन नोया रडायला लागली. आजी घाबरली. "काय झालं गो बाय?"

नोयाने सगळं सांगितलं. आजीने कपाळावर हात मारला. "ब्राखाला मीच म्हटलं ना, चांगलं झालं! तिने लग्न समजून गावभर केलं असेल. तुझ्या बापाची अब्रू झाकायला गेले, तर तुझीच उघड्यावर आली."

जोसेफ नुकताच कारखान्यातून आला होता, दारात उभा राहून ऐकत होता. तो तसाच जिना चढून गेला. खालपर्यंत त्याचा आवाज आला. "ब्राखा, माझ्या पोरीचं काही ठरलेलं नाही. मलिदा माझा होता. मी दारू सोडली म्हणून."

 मग ब्राखा म्हणाली, "अरे जोसेफ, मग तर याहून मोठा मझल तोव! तू बस, मी कॉफी टाकते."

खाली आल्यावर तो नोयाला म्हणाला, "त्या मातानलाही सांग. लाज वाटायची तर मला वाटू दे. आणि येलाला शुक्रवारी जेवायला बोलाव."

"ती येणार नाही, अब्बा."

"मग मीही येतो बोलवायला."

शुक्रवारी संध्याकाळी, शाब्बाथचा पवित्र वार लागायच्या आधी, दोघं येलाच्या दारात उभी राहिली. येलाने दार अर्धंच उघडलं.

"माझं चुकलं," नोया म्हणाली. "तू मातानलासुद्धा सांगितलं नाहीस."

"तुलाच म्हटलं होतं ना, नाही सांगणार." येला तिच्याकडे बघत राहिली. "मी अजून रागावलेली आहे."

"माहीत आहे."

"जेवताना बोलणार नाही तुझ्याशी."

"नको बोलूस."

येला जोसेफकडे वळली. "आजीने माशाचं कालवण केलंय का?"

"नारळ घालून," जोसेफ म्हणाला.

ती चपला शोधायला आत गेली.

जेवणाआधी जोसेफने किद्दुश, म्हणजे वाइनच्या प्याल्यावरची प्रार्थना, म्हटली. या घरात आता वाइन येत नसे. मनुका भिजवून केलेलं सरबत प्याल्यात असायचं. एक घोट घेऊन त्याने प्याला आधी येलाकडे दिला. तिने घोट घेतला, प्याला नोयापुढे केला आणि बोलायचं नाही हे विसरून तिला म्हणाली, "धर नीट, सांडशील."