होल्याचं फोल्डर

जावा बेटावरच्या क्लातेनमधलं आमचं छपाईचं दुकान माझ्या कष्टांवर नाही, मालकांच्या होल्यावर चालतं. असं स्वतः मालक, म्हणजे आमचे पाक, अर्थात दार्सोनोराव, सांगतात. या पाळीव पक्ष्याच्या गळ्यावरच्या रेषा शुभ आहेत म्हणे, आणि कामाआधी दर्शन त्याचंच व्हायला हवं. म्हणून पिंजरा दारातच टांगलाय. तेवढ्यानं भागेना, तेव्हा छपाईच्या प्रोग्रॅममध्ये पानात फोटो टाकायला गेलं की आधी होल्याच्या फोटोंचंच फोल्डर उघडेल, अशी सोय पुतण्याकडून करून घेतली.

"पाक, हे बदलू या ना," मी म्हटलं. "आयकॉनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीजमध्ये सुरुवातीच्या फोल्डरचा पत्ता बदलायचा, झालं काम!"

"रुस्मिनी, मशीन म्हातारं झालंय. उगाच त्याच्या सवयी मोडू नयेत."

सवयी मशीनच्या होत्या की आणखी कुणाच्या, ते मला कळत होतं. पण मालकांना तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी गोड हसून कामाला लागले.

मग बू, म्हणजे वागियेमबाई, आल्या. त्यांचे यजमान तुकिजान जाऊन हजार दिवस होत आले होते. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी ठरावीक दिवशी प्रार्थना होतात, त्यांतली हजाराव्या दिवसाची शेवटची. त्या संध्याकाळी पाहुण्यांना वाटायच्या पुस्तिकेवर त्यांना यजमानांचा फोटो हवा होता. नेमकी मी जेवायला गेले आणि मालकांनी स्वतःच काम उरकलं, तेही चष्म्याशिवाय. आमच्या जुन्या मशीनच्या पडद्यावर पानात फोटोच्या जागी नुसता करडा चौकोन दिसतो. चेहरा उमटतो तो थेट कागदावर.

प्रार्थनेच्या दिवशी सकाळी बूंनी दुकानातच गठ्ठा सोडला. वर ठळक अक्षरांत 'मरहूम तुकिजान' आणि खाली मान फुगवून बसलेला होला.

"फार शुभ पक्षी आहे हो, बू," मालक म्हणाले. धन्य ते मालक!

"असेल," बू शांतपणे म्हणाल्या. "पण पाहुण्यांनी संध्याकाळी दुआ मागायची, की दाणे टाकायचे?"

मालक माझ्याकडे वळले. "रुस्मिनी, तो पत्ता का काय तो... बदल बाई."

मी बदलला. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, तर पहिलंच फोल्डर बूंनी दिलेल्या तुकिजानच्या फोटोचं. पहिलं पान छापून आलं तेव्हा बूंनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"आता दरवेळी आधी हेच उघडणार?" त्यांनी विचारलं.

"हो, बू."

"पुस्तिका झाल्या की होला परत आण," मालक माझ्या कानात कुजबुजले. पण कुजबुजणंही त्यांना धड जमत नाही.

"पाक," बू म्हणाल्या, "आजच्यानंतर यांच्या नावाचा एकही दिवस उरत नाही. हजाराच्या पुढे कुणी मोजत नाही. इथे तरी राहू द्या की थोडे दिवस."

मालकांनी एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "राहू दे, रुस्मिनी."

आता रोज कामाआधी मला दर्शन तुकिजानचं होणार होतं. जिवंतपणी त्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं.